गोणीच्या तोंडाची चिंधी

केडगावच्या एका कांदा-शेडच्या मालकाने आम्हा अकरा बायकांना फसवलं. गडी आणि बाया एकाच ढिगाशी बसून कांदा निवडायचो, पण गड्याची दिवसाची हजेरी आमच्या दीडपट. विचारलं की म्हणायचा, गडी गोण्या उचलतात. उचलायला हमाल वेगळे होते, ते त्याला दिसत नव्हते.

राहू गावातून बायका मीच घेऊन यायचे. भांडणात माझा हात धरणारं कोणी नाही, पण त्या दिवशी राग गिळला आणि सौदा केला. हजेरी नको, गोणीमागे दर द्या; गड्यांना आणि आम्हाला एकच. मालक हसला. बाया गप्पा मारत बसणार आणि आपलेच पैसे वाचणार, असं त्याला वाटलं. लगेच हो म्हणाला.

कोणाची गोणी कोणती ते कळावं म्हणून गड्यांनी तोंडं सुतळीने बांधली, आम्ही जुन्या साड्यांच्या चिंध्यांनी. चौथ्या दिवशी गोण्यांच्या थप्पीत सुतळी शोधावी लागत होती. जिकडे तिकडे लाल, हिरव्या, जांभळ्या चिंध्या. गड्यांत सगळ्यात वयस्कर आबा होते. थप्पीपुढे उभे राहून म्हणाले, "मालक, आता आमालाच बाईची हजेरी लावा म्हंजी झालं." सगळे हसले, मालक सोडून.

दुसऱ्या दिवशी गेलो तर हमाल आमच्या चिंध्या सोडून टाकत होते आणि सगळ्या गोण्यांना सुतळी बांधत होते. मालक म्हणाला, व्यापाऱ्याला रंगीबेरंगी माल चालत नाही. आणि आता पुन्हा हजेरी, जुनीच. झालेल्या चार दिवसांचे पैसेही हजेरीनेच. मी कारण विचारलं.

"मावशी, बाईमाणसाला एवढे कशाला लागत्यात?"

मी पाण्याचं पिंप लाथेने आडवं केलं आणि बायकांना घेऊन निघाले. पिंप पाडायला नको होतं. ते आबांनी भरलं होतं.

आज माझ्या टोळीत साठ माणसं आहेत. गडी असो की बाई, दर एकच. आबाही आता माझ्याकडेच निवडायला येतात. शिरूरपासून दौंडपर्यंत शेडवाले आधी मला फोन करतात. या हंगामात केडगावच्या त्या मालकाचाही आला. माणसं मिळत नाहीत, म्हणाला. मावशी नाही, ताई म्हणाला. म्हणाल तो दर देतो, म्हणाला.

मी म्हणाले, दराचं मग बघू. माणसं घेऊन मी येईन, पण निवडायला बसण्याआधी तुम्ही ढिगापाशी उभे राहायचं, आबांच्या आणि आम्हा अकरा बायकांच्या समोर. आणि सांगायचं, आमच्या चिंध्या का सोडायला लावल्या?