डाव्या दाराखालची पायरी

बाबांचा जुना ट्रक मी भांडुपच्या एका गॅरेजमध्ये नीट करून घेतोय. आता घरी वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे माझा प्रत्येक रविवार तिथेच जातो. काल डाव्या दाराखालचा गंज खरवडताना मेकॅनिकने विचारलं, "ही खालची पायरी कंपनीची नाही. कापून टाकू?"

गंजाचा वास नाकात बसला होता, तरी मला एकदम झेंडूचा वास आला.

माझ्या लहानपणीचा दसरा होता. ट्रकला हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती. पूजेनंतरच्या पहिल्या फेरीला आईने शेजारी बसावं, असा बाबांचा दरवर्षी हट्ट असे. आई साडी सावरत त्या उंच दाराकडे बघायची आणि "तुम्हीच जाऊन या" म्हणून मागे फिरायची. त्या वर्षी बाबांनी दार उघडलं. खाली नवी पायरी वेल्ड केलेली होती.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. चढ तू."

लिंबं चिरडली आणि ट्रक नाहूरपर्यंत जाऊन आला. मी मागे हौद्यात उभं राहायला मिळालं म्हणून खूश होतो, पायरीकडे माझं लक्षही नव्हतं. बाबांनी आईसाठी कधी गजरा आणल्याचं मला आठवत नाही.

"राहू दे ती," मी मेकॅनिकला म्हणालो.

तो चहाला गेल्यावर मी त्या पायरीवर पाय देऊन चढलो आणि आईच्या जागेवर बसलो. स्टिअरिंगकडे बघत बराच वेळ बसून राहिलो, कोणीतरी येऊन गाडी सुरू करेल म्हणून.