थेंबमामांचा डावा हात

थेंबमामांनी पेट्रोल चोरलं, असं सांगत आलेल्या माणसाला मी आधी खोलीबाहेर काढलं आणि मग दारातून ओरडून विचारलं, "कुठल्या गाडीतून?"

"त्या नव्या हायब्रीडमधून," तो जिन्यातूनच म्हणाला आणि पसार झाला.

मामा एकतीस वर्षं गाडी चालवतात. एका थेंबात किलोमीटर काढतात म्हणून थेंबमामा. दूरवर सिग्नल लाल दिसला की यांचा पाय वर. "ब्रेक म्हणजे विकत घेतलेला वेग रस्त्यावर ओतणं," हे त्यांचं वाक्य. आणि उतार लागला की डावा हात आपला आपण जाऊन गाडी न्यूट्रलला टाकणार. "उतार देवानं फुकट दिलाय, त्याला पेट्रोल कशाला पाजायचं?" उतारावर गाडी अशी मोकळी सोडू नये, असं लायसन्सच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तकाला विचारतो कोण! आमच्या ड्रायव्हर संघटनेच्या पत्रकात ही युक्ती मी स्वतः छापली होती, चौकटीत.

टेकडीवर एक मोठं विश्रामगृह आहे, खाली स्टेशन. पाहुण्यांची ने-आण मामांकडे. चार महिन्यांपूर्वी तिथल्या ऑफिसनं नवी गाडी घेतली. ऐसपैस फॅमिली सेडान, मागं तिघं आरामात, आणि पोटात दोन जीव: एक पेट्रोलचं इंजिन, एक बॅटरीवरची मोटर. कधी कोण चालणार ते गाडीच ठरवते.

मामांचं डोकं पहिल्याच दिवशी चक्रावलं. सिग्नलला इंजिन गप्प झालं. मामांना वाटलं, गाडी मेली. त्यांनी बटण दाबलं, आणि आता मात्र ती खरंच बंद पडली. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"अरे, आवाज एक सांगतो, काटा दुसरंच सांगतो," ते मला म्हणाले होते. "चढावर पाय दिला की मागून चार माणसांनी ढकलल्यासारखी सुटते. झकास! पण इंजिन ओरडतं एका सुरात, वेग वाढतो भलत्याच तालात. आणि उतरून खाली सपाटीला आलो की उगाच ताणून ओरडते. तिला काय दुखतंय तेच कळत नाही."

मला तरी कुठं कळत होतं? मी मान डोलावली. पुढारी माणसाला मान डोलावता यावी लागते.

आता आळ असा होता. त्याच गाडीवर आळीपाळीनं दुसरा एक ड्रायव्हर असतो. पूर्वी कपडे शिवायचा, म्हणून सगळे टेलर म्हणतात. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नाहीत. त्याच्या हातात गाडी लिटरला बावीस देते, मामांच्या हातात सतरा. गाडी तीच, रस्ता तोच. मग पाच कुठं गेले? ऑफिसच्या मॅडमनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच ठरवून टाकलं. सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर चावी ठेवा.

मामांना घेऊन मी तडक ऑफिसात घुसलो. "एकतीस वर्षांत या माणसानं गाडीतला चिमटासुद्धा घरी नेला नाही! पुरावा काढा, नाहीतर मी दारात बसतो."

मॅडम शांत होत्या, याचाच जास्त राग येत होता. "बसा. पण आधी सांगा, पेट्रोल गेलं कुठं?"

टेलरला बोलावलं. "तू काय करतोस रे, बावीस काढायला?"

तो घाबरला. "काहीच नाही, दादा. दांडा डी वर टाकतो आणि वर जाऊन उतरतो. मला काही येतच नाही."

मामा म्हणाले, "सगळ्यांसमोर चालवतो. टाकी फुल करा, वर जाऊन खाली या, परत फुल करा. पण माझी बायको गाडीत बसणार."

"त्यांचं काय काम?"

"मला चोर म्हणालात ते तिनं ऐकलंय. मग हेही तिनं बघावं."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पुढं मॅडम, मागं मी आणि मामी. मामींनी पर्स मांडीवर अशी धरली होती, जणू परीक्षा त्यांचीच होती. सतरा किलोमीटर वर, सतरा खाली. मामांनी जीव ओतून गाडी चालवली. वळणांवर पोटातलं पाणी हललं नाही. उतारावर गाडी मोकळी सोडून ती अशी अलगद आणली की मॅडमही म्हणाल्या, "चालवतात मात्र छान."

पंपावर टाकी फुल केली. दोन लिटर. चौतीस भागिले दोन. सतरा.

चौघांच्या आठ डोळ्यांसमोर एक थेंब कुणी काढला नव्हता. म्हणजे माणूस चोर नाही. टेलरला बावीस मिळतात, म्हणजे गाडीही चोर नाही. मग पेट्रोल प्यालं कोण? मी मॅडमवर ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, काय ओरडायचं तेच मला माहीत नाही.

मामींनी घसा खाकरला. "मी एक बोलू का? मला गाडीतलं काही कळत नाही हं."

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"ते पुढं चित्र दिसतं ना, चाकं आणि बॅटरीचं? वर उतार सुरू झाला तेव्हा चाकांकडून बॅटरीकडं हिरवे बाण पळायला लागले. मी म्हटलं, बरं दिसतंय. मग यांनी तो दांडा हलवला आणि बाण गेले. थेट खाली येईपर्यंत आलेच नाहीत. पुढच्या उतारालाही तेच. यांचा हात गेला की बाण गेले."

मॅडमनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. बराच वेळ पानं उलटली. मग वाचून दाखवलं. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात आणि बॅटरी भरते. न्यूट्रलला टाकलं की भरत नाही. बॅटरी रिकामी राहिली की सपाटीला इंजिनला दोघांचं काम करावं लागतं.

"म्हणून ती खाली ओरडायची," मामा हळूच म्हणाले.

"म्हणजे उतार फुकटच होता," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तो घेतच नव्हता."

माझ्या डोळ्यांसमोर पत्रकातली ती चौकट आली. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"परत एकदा," मामा म्हणाले.

दुसऱ्या फेरीत ते डाव्या हातावर चक्क बसले. हो, मांडीखाली दाबून. तरी उतार लागला की खांदा हलायचा.

"बस गप्प," मामी मागून हाताला म्हणाल्या, नवऱ्याला नव्हे.

पंपाचा आकडा दीडच्या जरा पुढं थांबला. बावीसला किंचित कमी.

वाटलं होतं, मामा उडी मारतील. ते स्टिअरिंगकडं बघत बसले. "मग एकतीस वर्षं मी काय वाचवत होतो?"

"जुन्या गाड्या वेगळ्या होत्या, मामा," मी म्हणालो. खरं काय ते मला माहीत नव्हतं.

मामी म्हणाल्या, "चोर नाही ठरलात ना? मग झालं."

"तुला वाटलं होतं?"

"मला नाही. पण तुम्ही आठ दिवस माझ्याकडं असे बघत होतात, की आता वाटायला लागेल."

ऑफिसात मॅडमनी आळ मागं घेतला. मी म्हटलं, तोंडी चालणार नाही, लेखी द्या. त्यांनी फॉर्म काढला. 'पेट्रोल जास्त लागण्याचे कारण.' खाली तीन पर्याय छापलेले: चोरी, गाडीतील दोष, चालकाचा निष्काळजीपणा.

"यातलं एकही नाही," मामा म्हणाले.

"मग काय लिहू?"

मामांनी बराच विचार केला. "लिहा, चालकाने फार काटकसर केल्यामुळे पेट्रोल जास्त लागले."

"असं कसं लिहिणार? वर कोणी वाचलं तर हसतील!"

"मग मी सांगितलं त्यात खोटं काय आहे ते सांगा बरं."

मॅडमनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. शेवटी त्यांनी चौथी ओळ हातानं आखली, शब्दन् शब्द तसाच लिहिला आणि खाली सही केली.

मामांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मामींच्या पर्समध्ये ठेवायला दिला. उजव्या हातानं. डावा अजून आखडला होता.