लीना दामले आणि सप्टेंबरातले पतंग

लीना दामले माझ्या वरच्या मजल्यावर एकोणीस वर्षं राहिली. तिचे वडील रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन ते कोलकात्यात गार्डन रीचला आले तेव्हा लीना आठ वर्षांची होती. पुढे थोरली बहीण कुसुम लग्न होऊन नाशिकला गेली, आईवडील गेले, आणि लीना खिदिरपूरच्या आमच्या इमारतीत एकटीच राहायला आली. एका मुलींच्या कॉलेजात तिने एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं बंगालीत. मराठी घरापुरती होती, आणि घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून दर रविवारी सकाळी ती एक जिना उतरून माझ्याकडे चहाला यायची. माझ्या गुडघ्यांचं तेल संपलं की खालच्या दुकानातून तीच आणून द्यायची. माझे यजमान कस्टम्समध्ये होते. ते गेल्यापासून माझ्याही घरात मराठी फक्त रविवारीच बोलली जायची.

व्हिडिओ तिने टाळेबंदीत सुरू केले. भाची केतकी नाशिकला बारावीत होती, तिच्यासाठी. केतकी आणि तिच्या मैत्रिणी प्रश्न विचारायच्या, लीना उत्तरं द्यायची. बारावी संपली, केतकी हॉटेल मॅनेजमेंटला गेली. व्हिडिओ मात्र चालूच राहिले.

ती दुपारी दोन ते साडेतीन या वेळातच रेकॉर्डिंग करायची, कारण तेव्हा इमारतीचा पाण्याचा पंप बंद असतो. इस्त्रीची सुती साडी, भिंतीवर लहानसा फळा, आणि पुस्तकांच्या चळतीवर उभा केलेला फोन. डॉकमधल्या जहाजाचा भोंगा वाजला की ती हाताचा पंजा वर करून थांबायची, जणू वर्गात कोणी उशिरा आलं आहे आणि जागेवर बसेपर्यंत वाट बघायची आहे. भोंगा संपला की वाक्य पहिल्यापासून. कोणी काही विचारलं की तो प्रश्न ती कॉलेजच्या जुन्या पाठकोऱ्या कागदावर उतरवून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मुद्दे घालून उत्तर लिहायची. एक, दोन, तीन. कितीही क्षुल्लक प्रश्न असो.

मार्च २०२२ मधल्या एका रविवारी मी तिला विचारलं, "परवाचा किती जणांनी पाहिला गं?"

"बेचाळीस. त्यातली चार वेळा मीच. आवाज नीट आलाय का ते बघायला."

"आणि विचारलं कोणी?"

"एकाने विचारलं, मॅडम, परीक्षेला यातलं काय येणार? हे काय विचारणं झालं?" तिने बिस्किट बशीत परत ठेवलं. "सरलाताई, कोणी विचारणारं असेल तोवर करीन. भिंतीला किती दिवस शिकवायचं? जूनपर्यंत बघते, नाहीतर कुसुमताईकडे जाते. ती मागेच लागली आहे."

त्या दिवशीच्या माझ्या डायरीत एवढीच ओळ आहे: लीना जूननंतर जाईन म्हणते.

त्याच दुपारी मी फोनवर एक नवं खातं उघडलं. नाव दिलं अमृता. गाव कुठलं घालावं, तर माझं माहेर नागपूरचं, लग्नापर्यंतची एकवीस वर्षं तिथेच गेली. म्हणून अमृता नागपूरची झाली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. लीनाचा मागणीवरचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला, कागदावर टिपणं काढली आणि विचारलं: मीठ महाग झालं तरी लोक तेवढंच मीठ का घेतात?

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पाच मुद्द्यांचं उत्तर आलं.

मग सवयच लागली. काही आठवडे प्रश्न सुचायचा नाही, तेव्हा मी लायब्ररीतून पुस्तक आणायची. माझी शाळा कॉन्व्हेंटची. तिथे शुक्रवारी प्रत्येकीने आपल्या चुका तारीख घालून वहीत लिहायच्या असा नियम होता. माझी डायरी तिथूनच सुरू झाली, त्यामुळे अमृताचा एकेक प्रश्न तीत तारखेसकट आहे.

जून उलटला. नाशिकचा विषय निघाला नाही. रविवारी आता लीना दारातूनच सुरू करायची.

"काय मुलगी आहे हो! मी दोन वाक्यांत उरकलेलं तिने बरोबर पकडलं."

"लग्न ठरवायला निघालीस की काय तिचं?"

"छे, लग्न कसलं? एम.ए. करायला सांगितलंय. कुठला पेपर घे तेसुद्धा लिहिलंय. उत्तर नाही आलं. लाजते वाटतं."

मी चहा गाळत राहिले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात लीनाने हंगामी मागणीवर व्हिडिओ केला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत मुलं मांजा सुकवत होती, मागच्या गच्चीवरून आरडाओरडा ऐकू येत होता. मी अमृताच्या नावाने लिहिलं: मॅडम, आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यावर पतंग दुप्पट किमतीला जातात आणि दुसऱ्या दिवशी तेच पतंग कोणी फुकट घेत नाही. मग दुकानदार जास्त पतंग आधीच का आणून ठेवत नाहीत?

लीना इतकी खूश झाली की तिने त्या एका प्रश्नावर अख्खा व्हिडिओ केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा पतंग आणून फळ्याभोवती लावले. "नागपूरच्या अमृताने विचारलं आहे," असं म्हणून प्रश्न मोठ्याने वाचला. तिला काही खटकलं नाही. मलाही नाही. इथे विश्वकर्मापूजेला पतंग उडतात, आणि आम्ही दोघींनी इतकी वर्षं तेच आकाश पाहिलेलं.

तिसऱ्या दिवशी हेमंत नावाच्या कोणा दुकानदाराने खाली लिहिलं: "काहून हो मॅडम, नागपुरात सप्टेंबरात पतंग? तेव्हा इथं छत्री उडते. आमचे पतंग संक्रांतीला. ही अमृता कोणत्या नागपूरची?" त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. त्या व्हिडिओला नऊशे जण आले. इतके लीनाला कधीच मिळाले नव्हते.

मी ते वाचलं आणि संक्रांतीच्या दिवशी धंतोलीतल्या आमच्या गच्चीवर तिळगूळ खात मांज्याची चक्री धरून उभी असलेली मी मला आठवले. तोवर आठवले नव्हते.

लीना मंगळवारी खाली आली. रविवार नव्हता, त्यामुळे मी उठून उभीच राहिले.

"सरलाताई, तुमचं माहेर नागपूरचं ना? तिथे सप्टेंबरात पतंग उडवतात का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्या मुलीने असं का लिहिलं असेल?"

अमृता मीच, हे सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, बसली नाही.

"किती प्रश्न?"

"एक्केचाळीस."

"मोजलेत?"

"डायरीत आहेत."

"एक्केचाळीस." ती हसल्यासारखी झाली. "आणि मी त्या पोरीला एम.ए.ला बसवत होते! अहो, वर येऊन विचारायचं होतं. एकच तर जिना आहे."

"वर आले असते तर तू चहा केला असतास. उत्तर दिलं नसतंस."

दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "मिठाचा प्रश्नही तुमचाच?"

"हो."

"तो चांगला होता."

पुढचे चार रविवार ती आली नाही. मी दोन कपांचं आधण ठेवायची आणि एक कप दुपारी गरम करून घ्यायची. वरून दोन वाजता तिचा आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. तिने हेमंतला लिहिलेलं मी वाचलं: एक, आपलं बरोबर आहे. दोन, सप्टेंबरात पतंग कोलकात्यात उडतात. तीन, प्रश्न कोलकात्यातून आला होता, प्रश्नातली चूक माझ्याही लक्षात आली नाही. माझं नाव तिने कुठेच घातलं नाही. हेमंतने विचारलं, मग पतंग करणारे बाकीचं वर्ष काय खातात? लीना बजबज गावच्या लोकलने जाऊन एका कारागिराला भेटली आणि त्यावर तिने दोन व्हिडिओ केले. मग त्या नऊशेंपैकी आणखी काही जण विचारू लागले: कांदा, सोयाबीन, गावातली पतपेढी.

दुर्गापूजेची सुट्टी संपल्यावरच्या रविवारी ती आली. नेहमीच्या खुर्चीत बसली. मी चहा ओतल्यावर म्हणाली, "कुसुमताईला कळवलंय. जानेवारीत जाते."

"आता तर विचारणारे आहेत की."

"आहेत ना. पण सगळे तिकडे आहेत. ते कांद्याचं विचारतात आणि मी त्यांना तागाची उदाहरणं देते. त्यांचा बाजार मला बघायला हवा." तिने बशी फिरवली. "इथे कोण होतं, सरलाताई? तुम्हीच होतात."

रागाने म्हणाली असती तर मला काही बोलता आलं असतं. ती फक्त हिशेब बरोबर करून सांगत होती. तिला थांबवायला मी दीड वर्ष दुसऱ्याच्या नावाने लिहीत बसले, आणि त्यातूनच तिला जायची वाट सापडली.

जानेवारीच्या नऊ तारखेला तिचं सामान गेलं. फळा तिने बरोबर नेला. वरच्या घरात आता एका कंपनीचं ऑफिस आहे, शनिवार-रविवार बंद असतं.

तिचे व्हिडिओ गुरुवारी येतात. मागे आता कुसुमच्या स्वयंपाकघरातला कुकर वाजतो आणि ती पंजा वर करून थांबते. मी ते अजूनही तीनदा पाहते. पहिले काही आठवडे काही लिहिलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी तिने द्राक्षांवर व्हिडिओ केला, तेव्हा माझ्या स्वतःच्या नावाने विचारलं: द्राक्षं स्वस्त झाली की बेदाणे करणारे जास्त घेत असतील, मग भाव आणखी पडायचा थांबत असेल का?

तिथे माझ्या आधी अकरा प्रश्न होते. तिने सगळ्यांना क्रमाने उत्तरं दिली. माझा क्रमांक बारावा, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी.

एक, होय, काही प्रमाणात थांबतो. दोन, पण बेदाण्याला लागणारी द्राक्षं आणि खायची द्राक्षं बहुधा वेगळ्या जातीची असतात, हे मलाही इथे आल्यावर कळलं. तीन, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर खालच्या दुकानदाराला सांगून ठेवलं आहे, तो वर आणून देईल.