जाऊबाईंचा डावा डोळा

जाऊबाई गेल्याचा निरोप घेऊन पुतण्या रिसालीहून आला, तेव्हा मी डाळ निवडत होते. सूप तसंच ठेवून निघाले. महिना होऊन गेला त्याला... पण लिहायचं आहे ते फार मागचं, भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाचं.

आम्ही दोघी जावा सेक्टर दोनमध्ये एकाच क्वार्टरात राहायचो. ऐन चाळिशीत जाऊबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांचे यजमान, माझे भासरे, भट्टीच्या बांधकामावर फिटर होते. त्यांनीच हट्टानं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करवलं. त्या काळी नंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी असे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दिवसचे दिवस उताणं पडायचं. खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही.

"मग या इंदूले बाहेर बसवा डॉक्टरसाहेब, मले हसवून राहिली हे," जाऊबाईंनी माझी तक्रार केली.

रोज सकाळी मी त्यांचं तोंड पुसून कुंकू लावायची.

पट्टी सुटायच्या आधीच भासरे गेले. कामावरून सायकलनं परतताना छातीत कळ आली, रस्त्यातच. उन्हाळा होता, अंत्यसंस्कारासाठी पट्टी सुटेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. माझे यजमान म्हणाले, "वहिनीले सांगू नको. रडली तं डोळा जाईन." डॉक्टरांनाही कुणी कळवलं नाही. दुसऱ्या सकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले.

"कावून आले नाही वो ते?"

"डबल ड्यूटी लागली त्यांले."

"जेवून घेत जा म्हणा." आणि त्यांनी कपाळ माझ्याकडे केलं.

मी कुंकू लावलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पट्टी सुटेपर्यंत रोज लावत राहिले. एकदा त्यांनी माझं मनगट बराच वेळ धरून ठेवलं... आणि मग सोडलं.

पट्टी सुटली, तेव्हा सांगितलं. डॉक्टर चिडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "मला सांगायचं होतं, ताई. डोळ्याचं मी बघितलं असतं. त्यांना रडू द्यायचं होतं."

जाऊबाई जाड भिंगांतून माझ्याकडे बघत होत्या. "मले इचारलं असतं," त्या हळूच म्हणाल्या, "तं मी डोळा देला असता."

पुढे वर्षानुवर्षं एकत्र पापड लाटले, पोरांची लग्नं केली. माझं चुकलं, हे एवढं वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही. डावा डोळा पांढरा होत गेला. आता ऑपरेशननंतर लवकर घरी सोडतात म्हणून पोरं मागे लागली, पण त्या ऐकेनात. शेवटी मीच विचारलं, "भेव वाटते का बाई?"

"भेव कायचं? ज्यानं तुया भासऱ्यायले पाहेलं, ते उजव्यातलं काढून नेलं डॉक्टरनं. डाव्यात ते आहेत अजून, धुंदले का होईना. राहू दे."

मी रिसालीला पोचले, तेव्हा त्यांचे डोळे मिटवलेले होते. डावा तेवढा किंचित उघडा राहिला होता. "काकू, मिटवा न तो," सून म्हणाली. मी हात पुढे नेला... आणि तसाच मागे घेतला.