बाईंच्या अ‍ॅम्प्लिफायरचं खरं काय झालं

मागच्या महिन्यात बाईंच्या शोकसभेत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बोलायला उभी राहिली. चांगलं बोलली. म्हणाली, बाई इतक्या प्रामाणिक, की हात पूर्वीसारखा राहिला नाही हे त्यांनी स्वतः होऊन आम्हाला सांगितलं आणि भरात असलेला क्लास बंद केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. मीही डोलावली.

बाईंचा हात पूर्वीसारखाच होता. हे आता मला एकट्यालाच ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो आहे.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. कसबा पेठेत दोन खोल्यांत राहायच्या आणि संध्याकाळी घरी हवाईयन गिटार शिकवायच्या. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची ती गिटार. एके काळी पुण्यात ती पुष्कळ घरांतून ऐकू यायची. माझं शनिवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी पंचविशीत असताना बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, गिटार घेतली आहे, तिला आवाज द्या. परदेशी अ‍ॅम्प्लिफायर आमच्यापैकी कोणी जवळून पाहिलाही नव्हता. मी रेडिओच्या सुट्या भागांतून एक जुळवला. शेवटच्या टप्प्याला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत तापून उजळायच्या त्या काचेच्या नळ्या, सुताराकडून करून घेतलेला सागवानी खोका, पुढे सोफ्याचं तपकिरी कापड. जुळवायला आठवडा लागला आणि बाईंच्या पसंतीला उतरायला तीन. शाळा सुटली की त्या गिटार घेऊन यायच्या, चार सूर वाजवायच्या आणि म्हणायच्या, "अजून टोचतंय." मी एखादा कंडेन्सर बदलायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आता टोचत नाही, पण झोपल्यासारखा वाटतोय." अर्धा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या हातांनी झाला आणि अर्धा त्यांच्या कानांनी. पुढे तशा आवाजाची मागणी करत इतर लोक आले, त्यांनाही करून दिले, पण त्या पहिल्यासारखा एकही झाला नाही.

त्याचं वैशिष्ट्य एवढंच की सूर टिकायचा. कांडी एका जागी धरून मनगट किंचित हलवलं की सूर खोलीत उभा राहायचा आणि बाई सोडतील तेव्हाच जायचा. व्हॉल्व्हचा तो गुण असतो. तार मंदावत गेली तरी तो आवाजाला थोडा वेळ सावरून धरतो. बाईंचं सगळं वाजवणं त्या टिकणाऱ्या सुरावर उभं होतं. त्यांच्या विद्यार्थिनींनाही त्या तेच शिकवायच्या. घाई करू नका, सूर आहे अजून.

पंचवीस वर्षं तो नीट चालला. मग केबल टीव्ही आला, बाजार खुला झाला, पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. माझ्याकडे रेडिओ यायचे थांबले. मी केबलचे बूस्टर दुरुस्त करू लागलो, परदेशी टू-इन-वन, कॉम्प्युटरला लावायचे यूपीएस. सगळा ट्रान्झिस्टर आणि आयसीचा मामला. काम इतकं होतं की मान वर करायला फुरसत नव्हती. त्या दिवसांत बाई अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आल्या. किंचित खरखर येत होती. म्हटलं, शनिवारी घेऊन जा.

आता जे लिहितो ते माझ्या धंद्यातल्या माणसाला वाचताना लाज वाटेल. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला स्पीकर जोडलेला नसला तरी त्याचं काही बिघडत नाही. व्हॉल्व्हचं उलट असतं. स्पीकर न जोडता आवाज आत सोडला, तर त्या आवाजाच्या ताकदीला बाहेर जायला वाट राहत नाही आणि ती स्पीकरच्या अलीकडचा ट्रान्सफॉर्मर फोडून काढते. हे मी शिकलो तेव्हा पहिल्या दिवशी शिकलो होतो. पण गेली कित्येक वर्षं मी फक्त ट्रान्झिस्टरच हाताळत होतो आणि हाताला नवीन सवय लागली होती. स्पीकर काढून बाजूला ठेवला होता. खरखरीचं काम झाल्यावर तपासायला मी आत टेपरेकॉर्डरवरचं गाणं सोडलं, आवाज पूर्ण ठेवला, मीटरवर काटा हलताना बघितला आणि तेवढ्यात कॉम्प्युटर क्लासवाले यूपीएस घेऊन आले म्हणून त्यांच्याशी बोलायला वळलो. खोक्यातून बारीक टकटक आवाज आला. मग जळक्या वार्निशचा वास. मी वळलो तेव्हा संपलं होतं.

ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळता आला असता. चार दिवसांचं बारीक काम होतं. पण मला चार दिवस काढायचे नव्हते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला बाईंना सांगायचं नव्हतं. स्पीकर न लावता चालू केला, आणि तोही मी, ज्यानं तो अ‍ॅम्प्लिफायर जुळवला, त्यानं. मी आतलं सगळं काढलं आणि त्या सागवानी खोक्यात आयसीचा एक तयार बोर्ड बसवला. शनिवारी बाई आल्या. मी म्हटलं, व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, म्हणून नवीन पद्धतीचं करून टाकलं. दोन कोरे व्हॉल्व्ह तेव्हा माझ्या खणात होते.

बाईंनी खोका उचलून बघितला. "वजनही गेलं की हो सगळं," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

महिनाभरानं पुन्हा आल्या, हात रिकामेच. बाकावर बसल्या. म्हणाल्या, सूर लवकर खाली बसतो. त्यांनी आधी तारा बदलल्या होत्या, मग कांडी बदलली होती. मग डावा हात पुढे करून स्वतःच त्याच्याकडे बघत विचारलं, "हात हलका पडतोय का हो माझा?"

खरं सांगायची ती वेळ होती. त्यांनी विचारलं होतं, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "वयाप्रमाणे थोडं व्हायचंच, बाई."

त्या तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

त्यानंतर एकदा त्या मला मंडईत दिसल्या. उजव्या हातात पिशवी, डाव्या हातात पिवळा रबरी चेंडू. भाजीवाली निवडून देत होती तोवर त्या चेंडू दाबत उभ्या होत्या. मला बघून हसल्या. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणाल्या, रोज दोनशे वेळा. कोथिंबिरीचा भाव विचारला मी. वर्षभरात त्यांनी क्लास बंद केला. सात जणी शिकत होत्या, कोणी बँकेतली, कोणी कॉलेजातली. प्रत्येकीला बसवून सांगितलं की माझा हात गेला आहे, मी तुम्हाला चुकीचं ऐकवीन, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणजे कुठे? ती गिटार शिकवणारं तेव्हा उरलं होतं कोण? मुली गेल्या त्या बहुतेक गिटारच सोडून गेल्या.

दहा-बारा वर्षं अशीच गेली. मी दुकान बंद केलं. बाई मुलाकडे बिबवेवाडीला राहायला गेल्या. मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत. एका रविवारी त्याचा फोन आला. "काका, आईचा तो जुना अ‍ॅम्प आहे ना, तुम्हाला पार्ट्सना वगैरे उपयोगी पडेल का? फ्लॅटमध्ये स्टोरेजचा इश्यू आहे, आणि आई तर त्याला हातच लावत नाही." मी म्हटलं, घेऊन ये. तो त्याच संध्याकाळी गाडीतून आणून ठेवून गेला.

मी खोका उघडला. आत तो तळहाताएवढा बोर्ड. त्याच्याभोवती सगळी रिकामी जागा.

जळलेला ट्रान्सफॉर्मर मी टाकलेला नव्हता. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, का ते सांगता येणार नाही. त्याच्या लोखंडी पट्ट्या सुट्या केल्या आणि जळकी तार उलगडत वेढे मोजले. मोजायला दोन दिवस लागले, कारण तार केसासारखी, जागोजागी चिकटलेली, आणि माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू. दर शंभर वेढ्यांना कागदावर पेन्सिलीची एक रेघ. कसबा पेठेत पंपाच्या मोटारी गुंडाळणारा एक ओळखीचा होता, त्याला विचारलं. त्यानं तार चिमटीत धरून बघितली आणि म्हणाला, एवढ्या बारीक तारेला माझी बोटं म्हणजे पहार. मग मीच हातानं फिरवायचं गुंडाळणीयंत्र टेबलाला आवळून बसलो. प्रत्येक थरानंतर पातळ कागद, मग पुढचा थर. पहिल्या वेळी निम्म्यावर आकडा विसरलो. अंदाजानं पुढे जाता आलं असतं. सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अंदाजानं जाण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं वाटलं. वार्निश लावून गच्चीवर उन्हात चार दिवस वाळवला.

बाकी सगळं पूर्वीप्रमाणे केलं, दोनच गोष्टी बदलल्या. जुनी दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवली. दुसरं म्हणजे मागे एक बटण दिलं. ते दाबलं की तेच व्हॉल्व्ह निम्म्या ताकदीवर चालतात. बाई आता फ्लॅटमध्ये होत्या, भिंतीपलीकडे शेजारी, आणि हळू वाजवतानाही सूर टिकला पाहिजे होता. या बटणाच्या जुळणीत तीन आठवडे गेले. या वेळी टोचतंय की नाही हे सांगायला कोणी येणार नव्हतं. मी त्यांचा कान आठवून आठवून काम केलं.

रिक्षातून खोका घेऊन बिबवेवाडीला गेलो. मुलगा कामावर होता. बाईंनी दार उघडलं, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "परत आणलात? मी तर सुटले समजत होते."

आधी सांगायचं ठरवून गेलो होतो. पण तोंडातून निघालं ते असं, की एकदा वाजवून बघा. गिटार पलंगाखाली होती. त्यांनी पुसली, सुरात लावायला पंधरा मिनिटं घेतली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत मी उभाच. मग त्यांनी एक सूर लावला आणि कांडी धरून ठेवली. मनगट हललं. सूर राहिला. त्या तो खाली बसण्याची वाट बघत होत्या, तशी त्यांना सवयच झाली होती. तो बसला नाही. त्यांनी कांडी उचलली, डावा तळवा उलटा केला, सुलटा केला.

तेव्हा मी सांगितलं. स्पीकर, टेपरेकॉर्डर, जळका वास, खणातले दोन व्हॉल्व्ह, सगळं. मंडईचंही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते तुम्ही बसवलेलं कुठे आहे?"

बोर्ड माझ्या पिशवीत होता. तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"म्हणजे हे माझं वय होतं तर," त्या म्हणाल्या.

त्यांनी बोर्ड माझ्याकडे परत दिला आणि आत जाऊन चहा टाकला. चहा दोन कप आणला, हे मी कधी विसरणार नाही. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला सांगितलंत, ठीक केलंत. माझं मी बघीन. पण सात जणींना मी समोर बसवून सांगितलंय की हात गेला. त्यांना सांगा."

मी हो म्हणालो.

बाई त्यानंतर पाच वर्षं वाजवत होत्या, रोज दुपारी, मुलगा आणि सून कामाला गेल्यावर. मी महिन्या-दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह बघायच्या निमित्तानं जायचो. खरं तर व्हॉल्व्हला इतकं बघावं लागत नाही. मी ऐकायला जायचो आणि त्या मला ऐकू द्यायच्या. एका दुपारी वाजवताना त्यांनी मान वर करून, "आज जरा टोचतंय बरं का," असं म्हटलं, तेव्हा मला पंचविशीतल्यासारखा आनंद झाला. मी लगेच स्क्रूड्रायव्हर काढला.

त्यांनी पुन्हा एकदाच विचारलं होतं, सांगितलंत का म्हणून. मी म्हणालो, पत्ते शोधतोय. "पुण्यातच असतील हो," त्या म्हणाल्या, "पळून कुठे जातायत." दोघींचे पत्ते मला तेव्हाही माहीत होते. एकीच्या दारापर्यंत गेलो होतो, बेल न वाजवता आलो. बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी मला तेवढं ओळखलं असावं.

आणि मग शोकसभा. ती विद्यार्थिनी बोलत होती तेव्हा उठून दोन वाक्यं बोललो असतो तरी पुरलं असतं. मान डोलावली.

म्हणून आता या कागदावर लिहितो, त्या सात जणींसाठी आणि त्या दिवशी सभेत बसलेल्या सगळ्यांसाठी. बाईंनी तुम्हाला सांगितलं ते त्यांना खरं वाटत होतं, कारण त्यांनी मला विचारलं होतं आणि मी तसं सांगितलं होतं. त्यांचा हात गेला नव्हता. शेवटच्या दुपारपर्यंत तो तुम्ही ऐकला होतात तसाच होता. मी ऐकला आहे.