एकोणिसास वीस

वरचे चोवीस चौकोन एकमेकांना जुळले होते. खालचे चोवीसही एकमेकांना जुळले होते. मधला सांधा मात्र जुळेना.

शुक्रवार. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. सातवी ब चा अख्खा वर्ग हॉलमध्ये जमिनीवर गुडघे टेकून बसला होता आणि मध्ये कार्डशीटचे अठ्ठेचाळीस चौकोन मांडलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पालक सभा. सभेत हे चित्र समोरच्या भिंतीवर लागेल, असं मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, सांगून बसले होते.

मी अंबरनाथच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. सातवीत गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा येतो आणि दरवर्षी इथेच घोडं अडतं. गुणोत्तर म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या किती पट आहे ते. दोन लिंबांच्या सरबताला पाच चमचे साखर लागते, तर चार लिंबांच्या सरबताला किती? उत्तर दहा. पण मुलं बिनधास्त सात लिहितात. लिंबं दोनने वाढली, म्हणून साखरही दोनने वाढवली. मुलांच्या हाताला बेरजेची सवय असते. 'पट' ही गोष्ट हाताला लागत नाही.

या वर्षी चाचणीत अर्ध्याहून जास्त वर्गाने सात लिहिलं. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं.

"पाटकर बाई, शनिवारी पालक विचारतील. इंग्लिश मीडियमला घालतो म्हणतील. आधीच एक तुकडी कमी झालीय आपली."

"मला चार तास द्या."

"आणि सिलॅबस?"

"मागे आहेच. अजून चार तास मागे जाईल."

त्या हसल्या नाहीत. "चारच. आणि पालकांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी करा."

आमच्या शाळेत सुमनमावशी म्हणून सेविका आहेत. घंटा, पाणी, झाडलोट, पडलेल्या मुलांच्या गुडघ्यांना मलम, सगळं त्याच बघतात. महिनाअखेरीला त्या रिटायर होणार होत्या. मी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला, दोन पानांवर प्रिंट घेतला आणि खिडकीच्या काचेवर धरून नुसत्या रेषांत उतरवला. वरचा अर्धा चेहरा एका पानावर, खालचा अर्धा दुसऱ्यावर. मग दोन्ही पानांवर चार-चार सेंटिमीटरचे चौकोन आखले. एका पानावर चोवीस.

मूळ चित्र कापायचं नव्हतं, म्हणून झेरॉक्स काढल्या. वरच्या पानाची शाळेत निघाली. तेवढ्यात मशीनमध्ये कागद अडकला. मी राहते बदलापूरला. घरी जाताना खालच्या पानाची झेरॉक्स स्टेशनजवळच्या एका दुकानात काढून घेतली. मग सगळे चौकोन कापले, मागे नंबर टाकले आणि वर्गात वाटले. वर्गात सत्तेचाळीस मुलं, म्हणून अठ्ठेचाळिसावा चौकोन मी घेतला.

चित्र कशाचं आहे ते सांगितलं नाही. प्रत्येकाच्या हातात फक्त दोन-तीन वाकड्या रेषा. काम एवढंच: चार सेंटिमीटरचा चौकोन चोवीस सेंटिमीटरच्या कार्डशीटवर काढायचा. म्हणजे सहापट. छोट्या चौकोनात रेष डाव्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर असेल, तर मोठ्यात बारावर. शेजाऱ्याचं बघायचं नाही.

त्याआधी एक दिवस सराव म्हणून सगळ्यांना एक मासा मोठा करायला दिला होता. बेरीज करणारे तिथेच सापडले. चाराचे चोवीस म्हणजे वीस वाढवायचे, असं त्यांनी धरलं. एकाचे एकवीस, दोनाचे बावीस, तिनाचे तेवीस. त्यांचा मासा कागदाच्या एका कोपऱ्यात चेंगरून बसला. मला लाल पेन काढावंच लागलं नाही. मुलं स्वतःच आपापल्या माशाकडे बघून खोडरबर मागायला लागली.

पुढचे दोन तास मान खाली घालून काम चाललं होतं. आणि शुक्रवारी आम्ही हॉलमध्ये आधी वरची चोवीस कार्डं मांडली.

चोविसावं कार्ड ठेवलं. जमिनीवरून दोन डोळे आमच्याकडे बघत होते. कपाळावरून केसांची रेष निघाली होती आणि सहा वेगवेगळ्या मुलांच्या कार्डांतून, कुठेही न तुटता, कानापर्यंत गेली होती. त्या सहांपैकी एकानेही दुसऱ्याची रेष बघितली नव्हती.

"अरे, मावशी!" कोणीतरी हळूच म्हणालं.

मला माहीत होतं काय निघणार आहे. तरी मी वाकून पुन्हा बघितलं. सहाने गुणायचं, एवढंच तर सांगितलं होतं मी. तेवढ्याशा सूचनेवर चोवीस मुलांनी, एकमेकांशी न बोलता, एक माणूस उभं केलं होतं.

मग खालची कार्डं लावली आणि चेहरा मधोमध तुटला. वरून येणारी नाकाची रेष खाली भलतीकडेच सुरू होत होती. गालांचंही तेच.

"खालच्यांनी गुणाकार चुकवलेत!" वरची गँग ओरडली.

"आमच्यात सगळं जुळतंय. तुमचंच चुकलंय," खालची गँग.

आदित्य हा वर्गातला हुशार मुलगा. त्याचं कार्ड खालच्या भागातलं होतं. त्याने शेजारच्या कार्डावर बोट ठेवलं. "बाई, सम्यकाचं बघा ना. हिची रेष कडेपर्यंत पोचतच नाही. सबका बिगाड दिया यार."

खरंच, सम्यकाची गालाची रेष उजव्या कडेच्या बोटभर आधीच थांबली होती.

सम्यका चिखलोलीच्या बाजूला नव्या बिल्डिंगमध्ये राहते. वडील एमआयडीसीत कामाला. आई उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यात शिवणकाम करते. पोरगी वर्गात बोलत नाही आणि पेपर कधी पुरा करत नाही. हळू आहे, असं मी गेल्याच महिन्यात तिच्या आईला सांगितलं होतं.

"गुणून जिथे आली तिथे थांबवली," ती म्हणाली.

"अगं, पण छोट्या चौकोनात ती कडेला टेकलीय ना? मग थोडी ओढून घे," मी म्हणाले. मला घाई होती. शाळा सुटायला दोन तास उरले होते.

तिने ओढली नाही. पट्टी आणि वही घेतली आणि सांध्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसली. वरची रेष त्या त्या कार्डाच्या डाव्या कडेपासून किती, खालची किती, मोजायचं आणि लिहायचं. पुढच्या कार्डाकडे सरकायचं. पुन्हा मोजायचं. बाकीची मुलं भांडत होती, मी त्यांना गप्प करत होते आणि ही गुडघ्यांवर सरकत सहा कार्डं ओलांडून दुसऱ्या टोकाला पोचली.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी चित्र बघितलं. "छान झालंय की. थोडं इकडे-तिकडे आहे, पण लांबून कोणाला दिसतंय? एकोणीस-वीसचा फरक चालायचाच."

"हो बाई," सम्यका खालूनच म्हणाली. "एकोणीस-वीसचाच आहे."

सगळे हसले. ती हसली नाही. तिने वही माझ्यापुढे धरली.

"जिथे वर वीस आहे ना बाई, तिथे खाली एकोणीस आलंय. जिथे दहा, तिथे साडेनऊ. जिथे चार, तिथे तीन पॉइंट आठ." मग ती म्हणाली, "चूक सगळीकडे सारखी नाहीये. पण सारख्या प्रमाणात आहे."

मी वही हातात घेतली आणि एकेक जोडी तपासली. वेड्यावाकड्या अक्षरात सगळे आकडे होते. कार्डाच्या डाव्या कडेजवळ चूक छोटी, दूर जाऊ तशी मोठी, पण विसाला एक हा हिशोब कुठेही मोडत नव्हता. बारा वर्षांच्या मुलीने हे शोधलं होतं. चुकीलासुद्धा प्रमाण असतं, हे मला बी.एस्सी.ला कोणी सांगितलं नव्हतं आणि बी.एड.ला तर नाहीच.

"मग नक्की कोणाचं चुकलं?" आदित्यने विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"कोणाचंच नाही," ती म्हणाली. "चुकलं असतं तर प्रत्येकाचं वेगळं चुकलं असतं ना?" मग माझ्याकडे वळून, "बाई, छोटे चौकोन चार सेंटिमीटरचे आहेत, हे कोणी मोजलं होतं?"

कोणीच नाही. मी सांगितलं होतं, म्हणून ते चार होते.

तिने कंपासमधून आपला छोटा चौकोन काढला आणि पट्टीवर ठेवला. तीन पॉइंट आठ. मग खालच्या सगळ्यांनी आपापले चौकोन मोजले. तीन पॉइंट आठ, तीन पॉइंट आठ, हॉलभर तोच आवाज. वरच्यांचे चार.

दुकानातल्या मशीनने पान पंचाण्णव टक्के करून छापलं होतं. कागदात नीट बसावं म्हणून ही मशीनं आपणहून चित्र जरा लहान करतात. मी बघितलं नव्हतं.

आता एक कबुली. माझा स्वतःचा चौकोनही खालच्या भागातला होता. घरी तो काढताना माझीही रेष बोटभर आधीच संपली होती. मोजताना हात हलला असेल, असं म्हणून मी ती कडेपर्यंत ओढली होती. आदित्यने ओढली होती. खालच्या सगळ्यांनीच ओढली होती. नसलेली रेष न ओढणारी आमच्यात एकच होती.

हे मी मुलांना तिथेच, मोठ्या बाईंसमोर, सांगितलं. मुलांना भयंकर आनंद झाला. बाईंचं चुकलं, यापेक्षा मोठी बातमी सातवीला नसते. मी सम्यकालाही म्हणाले, "मी ओढायला सांगत होते, ते चुकीचं होतं."

मोठ्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. "मग आता?"

चोवीस कार्डं नव्याने काढायची होती. सहाने गुणून चालणार नव्हतं. तीन पॉइंट आठचे चोवीस करायचे म्हणजे सहा पॉइंट तीन एक पाच आणि पुढे शेपूट. सातवीच्या मुलांना हा गुणाकार एका तासात जमणं शक्य नव्हतं. मी फळ्यावर काही सोपं निघतंय का ते बघायला लागले.

"बाई, सेंटिमीटर कशाला पाहिजेत?" सम्यकाने विचारलं.

तिने वहीच्या पानाची बारीक पट्टी फाडली आणि छोट्या चौकोनाच्या बाजूएवढी कापली. मधोमध घडी घातली. पुन्हा घडी. पुन्हा एकदा. उघडली तेव्हा पट्टीचे आठ सारखे भाग झाले होते.

"आई कापडाला अशीच घडी घालते, टेप सापडत नसला की. हा एक भाग म्हणजे मोठ्या कार्डावर तीन सेंटिमीटर. आठ त्रिक चोवीस."

मी खडू खाली ठेवला. अख्खा धडा त्या चिटोऱ्यात होता. चौकोन चाराचा असो, तीन पॉइंट आठचा असो, बाजूचे आठ भाग हे आठच राहतात. मापं बदलली तरी नातं बदलत नाही. नेमकं हेच मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. ते असं घडी घालून हातात धरता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर हॉलमध्ये फक्त कागद फाडल्याचा आवाज. चोवीस पट्ट्या, त्यातली एक माझी. वरच्या भागातली मुलं खालच्यांना मदत करायला बसली. आदित्य सम्यकाकडे पट्टी घेऊन गेला. "रेष अर्ध्या भागावर आली तर?"

"मग अजून एक घडी घाल. दीड सेंटिमीटर."

कार्डांच्या पाठीवर नवीन रेषा उतरल्या. शाळा सुटायला दहा मिनिटं असताना आम्ही ती पुन्हा मांडायला घेतली. नाक खाली उतरलं. गाल वळले. शेवटी तोंडाचा कोपरा जागेवर बसला, आणि सुमनमावशी हसायला लागल्या. खरोखर तसंच वाटलं. मोठ्या बाईंनी चप्पल काढली आणि चित्राच्या कडेने एक फेरी मारली. देवळात मारावी तशी, सावकाश.

शनिवारी चित्र भिंतीवर लागलं. पालकांनी फोटो काढले. सुमनमावशी पदराने तोंड झाकून खूप वेळ बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "एवढी मोठी टिकली? पुरीएवढी केलीत की ओ!"

"सहापट, मावशी," वर्गाने एका सुरात सांगितलं.

सम्यकाची आई सुट्टी टाकून आली होती. तिने मला विचारलं, अजून हळूच आहे का हो पोरगी? मी सांगितलं, आहे, आणि तिला तसंच राहू द्या.

नंतर धड्याची चाचणी पुन्हा घेतली. सरबताच्या गणिताला बहुतेकांनी दहा लिहिलं. सात लिहिणारे पाचजण अजून आहेत, त्यांच्यासाठी नवीन काहीतरी शोधावं लागेल. सम्यकाचा पेपर याही वेळी अर्धाच झाला. जेवढा झाला, तेवढ्यात एकही चूक नव्हती.

मी एवढं शिकले: एका मुलाचं चुकलं, तर चूक बहुधा त्या मुलाची असते. चोवीस जणांचं एकाच प्रमाणात चुकलं, तर चूक चौकोन वाटणाऱ्याची असते.