सुनंदाच्या मशीनवरचा काउंटर

मी मोटर रिवाइंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळतो. आमच्या धंद्यात काही आपोआप हललं की माणूस आधी वायर तपासतो, देव-भूत नंतर. मीही तसाच होतो...

कोरेगावात माझं छोटं दुकान आहे, वर घर. बायको सुनंदा शिवणकाम करायची. तिचे गुडघे दुखायला लागले म्हणून मीच तिच्या शिलाई मशीनला मोटर बसवून दिली.

"आवं, तुमच्या कॉइलच्या मशीनला हाय तसला आकड्यांचा डबा मला बी लावा की," ती म्हणायची. "दिवसभर काय करतीस म्हणता न्हवं? बघा तरी किती टाकं पडत्यात."

"लावतो गं, काय घाई हाय?"

गेल्या उन्हाळ्यात तिला ताप आला, तो मेंदूत गेला. आठ दिवसांत सगळं संपलं.

तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचा तो आकड्यांचा डबा, म्हणजे काउंटर, घेऊन वर गेलो. का, ते सांगता येत नाही. मशीनच्या चाकाला चुंबक चिकटवलं, शेजारी चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर लावला (एक फेरा म्हणजे एक टाका), मोबाइलच्या चार्जरवर पाच व्होल्टचा काउंटर जोडला. शून्य दिसलं. मोटरचा प्लग काढलेलाच होता. तिथंच बसून रडलो.

आणि आकडा पळायला लागला!

चाक जागचं हललं नव्हतं. दहा, चाळीस, सव्वाशे — थांबला. पुन्हा सुरू. कापड वळवताना सुनंदा थांबायची ना... अगदी तसाच.

मुलगी रूपाली चहा घेऊन आली. "पप्पा, मोटर चालू हाय?"

मी तिला सुटा प्लग दाखवला. मग सेन्सरच्या दोन्ही वायरी ओढून काढल्या. तरी आकडा पळतच होता. नऊशेच्या पुढं गेला तशी रूपाली हुंदके देत म्हणाली, "मम्मी दमली असंल ओ..."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सुनंदा, बास आता. बस जरा."

आकडा थांबला.

साताऱ्यातल्या एका ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं काउंटर खोलून पाहिला. दोष काहीच नाही. वायरी पुन्हा जोडून कितीतरी दुपारी मी त्या मशीनपुढं बसलो, आकडा परत हलला नाही.

रूपाली म्हणते, मम्मीला विसावा मिळाला. मिळाला असेल. पण ती होती तेव्हा "बस जरा" असं एकदाही म्हणालो नाही मी... आणि म्हणालो ते नेमकं ती परत आली होती तेव्हा!